सहाव्या खोलीची रुंदी

गेल्या दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचं इंग्रजी खेडं पाडून त्याचा राडारोडा उचलून नेण्याचे साडेअठरा हजार रुपये ठरले. हजर होते पाच जण: राडारोडा उचलणारा कंत्राटदार, सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार या नात्याने मी, ज्यांनी ते खेडं बांधलं ते इमारतीतले काका, आणि त्यांची बायको, म्हणजे काकू. काकू त्या कामासाठी आलेल्या नव्हत्या. वाळत घातलेल्या मिरच्या उलटायला आल्या होत्या. कंत्राटदाराने आधी बावीस हजार सांगितले. सेक्रेटरी बारावर अडून बसले. तेवढ्यात काका म्हणाले, "चर्चचा मनोरा आतून भरीव आहे. बारात त्यांना परवडणार नाही." सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. घासाघीस साडेअठरावर थांबली ती काकांमुळे, एवढं नोंदवून ठेवतो.

खेडं म्हणजे खरोखरच खेडं होतं. विटांच्या जोत्यावर, बावीस फूट लांब आणि नऊ फूट रुंद, एका फुटाला अर्धा इंच या मापाने बांधलेलं. सिमेंट, विटांचा चुरा, सागाच्या पट्ट्या आणि नदीतले बारीक गोटे एवढंच सामान. त्यात मनोऱ्याचं चर्च होतं. चर्चच्या आवाराला एक छपराचं दार होतं. पूर्वी खांदेकरी शवपेटी त्या छपराखाली टेकवून पाद्र्याची वाट बघत. शेतकऱ्यांनी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला आणून घालायचा, त्याचं लांबलचक कोठार होतं. पाणचक्की, लोहाराचं दुकान, एक गुत्ता, ओढ्यावर एका वेळी एकच घोडा जाईल एवढा कमानीचा पूल, मोकाट जनावरांचा कोंडवाडा. आणि कोंडवाड्याला लागून, कुणा दानशूर बाईने निराधार विधवांसाठी बांधलेली सहा खोल्यांची ओळ. गच्चीवर मात्र या ओळीत पाचच खोल्या होत्या. सहावीच्या जागी चार खिळे होते आणि त्यांना ताणून बांधलेला दोरा. मी या इमारतीत राहायला आल्यापासूनच्या नऊ वर्षांत काकांनी तो दोरा तीनदा बदलला. खोली बांधली नाही.

काका इंग्लंडला कधी गेलेले नव्हते. पासपोर्टही नव्हता. खडकीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीच्या आधी एकदा खडकी बाजारातल्या रद्दीच्या दुकानात त्यांना एक मोठ्या आकाराचं पुस्तक मिळालं, बारा रुपयांना. कुठल्याशा लष्करी मेसमधून काढून टाकलेलं असावं. त्या गावातल्या कुणा जुन्या पाद्र्याने हौसेने गावातली प्रत्येक जुनी इमारत मोजून काढलेली एकोणीस चित्रं त्यात होती: वरून, समोरून, कापून. शेवटी गावाचा नकाशा. लोकांना वाटे, काकांना विलायतेचं वेड आहे. तसं काही नव्हतं. त्यांना चहा बशीतून लागे, इंग्रजी सिनेमे त्यांना आवडत नसत, आणि तिथे राजा आहे की राणी हेही त्यांना नीट ठाऊक नसे. मी एकदा विचारलं, मग हेच गाव का? ते म्हणाले, "ड्रॉइंग चांगलं आहे. इतकं चांगलं ड्रॉइंग नुसतं ठेवून देणं बरं नाही."

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची पोलादी पट्टी असे. मंडईत भाजी घ्यायला ते काकूंबरोबर जात आणि दुधी पट्टीने मोजत. एक फुटावरचा दुधी आतून जून निघतो असं त्यांचं म्हणणं होतं. एका भाजीवाल्या मावशींनी शेवटी सांगितलं, "आजोबा, मापं काढाय आलाय का भाजी घ्यायला?" काकांनी पट्टी पुसून खिशात ठेवली आणि साडेअकरा इंचाचा दुधी घेतला. कुणीही काहीही ठामपणे बोललं की त्यांचा एकच प्रश्न असे: "मोजलंत का?" आमच्या खोलीत उकडतं कारण छत बुटकं आहे असं माझी बायको एकदा जिन्यात म्हणाली. संध्याकाळी काका शिडी घेऊन हजर. छत नऊ फूट दोन इंच निघालं, म्हणजे त्यांच्या छतापेक्षा एका इंचाने उंच. "तेव्हा उकडण्याचं कारण दुसरं शोधा," असं सांगून ते गेले. त्यांना राग आलेला नव्हता. ती माहिती होती.

त्या गावाबद्दल ते असे बोलत, की जणू सकाळी तिकडून दूध घेऊन आले आहेत. पाणचक्कीचं दार आत उघडतं की बाहेर, गुत्त्याच्या मागच्या जिन्याला पायऱ्या किती, सगळं तोंडपाठ. काकू म्हणत, "यांना स्वारगेटला कुठली बस जाते ते विचारू नका. तिथल्या लोहाराच्या भात्याची लांबी विचारा." काकूंचा त्या गावाशी वेगळा व्यवहार होता. कोठाराचं उतरतं छप्पर दक्षिणेला होतं आणि त्यावर सांडगे फार छान वाळत. काकांनी गच्चीच्या दारावर कागद लावला होता: "गावात चपला घालून येऊ नये. वाळवण फक्त कोठारावर. मनोऱ्याला दोरी बांधू नये." शेवटची ओळ तिसऱ्या मजल्यावरच्यांसाठी होती, त्यांनी एकदा चर्चला बांधून धोतरं वाळत घातली होती.

आता सहाव्या खोलीचं.

ड्राफ्ट्समनच्या धंद्यात एक नियम असतो, तो मला काकांनी समजावून सांगितला. चित्रावर आकडा लिहिलेला असेल तर चित्राला पट्टी लावून मोजायचं नाही. कागद आकसतो, फुगतो, छापताना लहानमोठा होतो. लिहिलेला आकडा तसाच राहतो. आणि लिहिलेला आकडा चुकीचा वाटला तरी आपण बदलायचा नाही. ज्याची सही आहे त्याच्याकडे जायचं, त्याने दुरुस्त करून पुन्हा सही करायची. तरुणपणी काकांनी हा नियम एकदा मोडला होता. एका कंसाच्या, म्हणजे लोखंडी ब्रॅकेटच्या, चित्रावरचा आकडा त्यांना उघड उघड चुकलेला दिसला, साहेब रजेवर होते, यांनी आपल्या मनाने दुरुस्त केला. आकडा बरोबर होता. तो कंस ज्या भागावर बसायचा तो भागच मुद्दाम तिरका होता, हे यांना माहीत नव्हतं. चारशे कंस भंगारात गेले. एका वर्षाची वेतनवाढ थांबली. हे मला काकूंनी सांगितलं. काकांनी फक्त एवढंच सांगितलं की, चारशे नव्हे, तीनशे शहाण्णव.

पुस्तकातल्या अकराव्या चित्रात विधवांची ओळ होती. पाद्र्याने एक खोली पूर्ण काढली होती: आतून रुंदी दहा फूट सहा इंच, भिंतीची जाडी दीड फूट. बाजूला टीप: बाकीच्या खोल्या अशाच. आणि ओळीची एकूण बाहेरची लांबी: सत्तर फूट. आता हिशेब करा. सहा खोल्यांचे त्रेसष्ट फूट. सहा खोल्यांना भिंती सात, त्यांचे साडेदहा फूट. बेरीज साडेत्र्याहत्तर. लिहिलेत सत्तर. साडेतीन फूट जास्त होतात. काकांनी एकेक खोली बांधत नेली आणि पाचवीनंतर त्यांच्या लक्षात आलं, की सहावीची शेवटची भिंत पावणेदोन इंच कोंडवाड्यात शिरते आहे. कोंडवाड्याची जागा नकाशात पक्की होती. काम थांबलं.

मी आकड्यांचा माणूस आहे. कॉस्टिंगमध्ये आयुष्य गेलं. मला हे ऐकून आनंदच झाला. मी रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत विचार केला आणि उत्तर घेऊन वर गेलो. साडेतीन फूट म्हणजे बेचाळीस इंच. भिंती सात. प्रत्येक भिंत सहा इंचांनी कमी धरा, म्हणजे एक फुटाची, गणित सुटलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, सेक्रेटरी गेल्या वर्षी हेच बेचाळीस इंच सहा खोल्यांत वाटून गेले. प्रत्येक खोली सात इंचांनी लहान. त्यांचंही गणित सुटलं होतं.

"मग दोन्हींतलं एक घ्या," मी म्हटलं.

"दोन उत्तरं बरोबर येतात, म्हणजे आपल्याला उत्तर माहीत नाही," काका म्हणाले. "ज्याची सही आहे तो मेला. मी बदलणार नाही."

मार्ग काढून पाहिले नव्हते असं नाही. माझ्या मुलीने, ती तेव्हा कॉलेजात होती, उपग्रहाचं चित्र काढून दिलं. वरून सलग एकच छप्पर दिसत होतं आणि एका टोकावर झाडाची दाट सावली. आतल्या भिंती छपरावरून कशा दिसणार? त्या गावाला ईमेलही केला. सभ्य उत्तर आलं की त्या खोल्यांत लोक राहतात, त्यामुळे आतली मापं देता येत नाहीत. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात एक उत्तम जुनं पुस्तक आहे, ते पाहावं. ते पुस्तक म्हणजे काकांचंच पुस्तक होतं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी आमची इमारत पाडून नवी बांधायचा प्रस्ताव आला. चार मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, गच्ची गळते. माझ्या बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. ती महिन्यातून चारदाच खाली उतरे. कायद्याने बहुमत पुरतं, पण बिल्डरला कोर्टाची भानगड नको होती. त्याला बाराच्या बारा सह्या हव्या होत्या. फेब्रुवारीपर्यंत अकरा झाल्या. बारावी काकांची. बिल्डरने सांगितलं, दसऱ्यापर्यंत आली नाही तर प्रस्ताव मागे घेतो, हडपसरला दुसरी जागा बघून ठेवली आहे.

सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला खेडं वाचवायचं आहे. सेक्रेटरींनी तर सांगितलं की नव्या गच्चीवर एक कोपरा लिहून देतो, हवं तर क्रेनने उचलून ठेवू. काका म्हणाले, उचललं तर तडकेल, नको. मग पैसे जास्त हवेत का? तेही नको. अखेर मला पाठवण्यात आलं, कारण माझं त्यांच्याशी बरं होतं आणि माझीच गरज मोठी होती. मी बायकोच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवलं.

"पाडायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण अर्धवट काम पाडता येत नाही. अर्धवट काम सोडून दिलं जातं. पुरं झालं की पाडा. मी स्वतः हातोडा देतो."

काकू कोथिंबीर निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ऐका. मला वाटलं होतं, लिफ्टवाल्या घरातून जाईन मी. आता विधवांच्या सहाव्या खोलीवर अडलंय."

काका म्हणाले, "मी आहे तोवर तुझा त्या खोलीवर हक्क नाही." दोघंही हसली नाहीत, मला हसावं की नाही ते कळेना.

त्याच वर्षी जुलैत मुलीचा पदवीदान समारंभ होता. ती शिकायला इंग्लंडला गेली होती आणि आम्हा दोघांची तिकिटं तिने काढली. बायको गुडघ्यांमुळे आली नाही; मी एकटाच गेलो. मुलीच्या शहरातून ते गाव रेल्वेने आणि पुढे बसने अडीच तासांवर आहे, हे काकांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी चामड्याच्या डबीतली आपली शंभर फुटी कापडी फीत आणून दिली. बरोबर एक चिठ्ठी. फीत जुनी आहे, ओढून शंभर फुटांत पाऊण इंच वाढली आहे; सत्तर फुटांच्या वाचनात अर्धा इंच मिळवावा. फीत जमिनीला समांतर धरावी. दोनदा मोजावं. दोन वाचनं जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मिळेल. आणि शेवटी: आपल्याला काय निघावंसं वाटतं ते आधी मनातून काढून टाकावं.

बसने मला पुलापाशी सोडलं. मी कुणालाही काही न विचारता चालू लागलो. डावीकडे पाणचक्की, मग लोहार, मग वळण, वळणानंतर चर्च. सगळं होतं तिथेच होतं. नऊ वर्षं मी ते गाव वरून पाहिलं होतं, गुडघ्याइतकं. आता त्याच्या भिंती माझ्या डोक्यावर होत्या एवढाच फरक. पाणचक्कीसमोर मोटार उभी होती, तिथे कुणीतरी राहत होतं. गुत्ता बंद होता. लोहाराच्या दुकानात सायकली होत्या. कोठारावर फलक होता की हे लग्नासाठी भाड्याने मिळेल. मनोरा मात्र अगदी काकांसारखाच, म्हणजे काकांनी केला तसाच. मी थोडा वेळ छपराच्या दाराखाली बाकावर बसलो आणि डबा खाल्ला. पोळी आणि बटाट्याची भाजी मुलीने दिली होती.

विधवांची ओळ कोंडवाड्याला लागूनच होती. सहा दारं होती. मी ओळीच्या टोकाशी फीत उलगडू लागलो तेव्हा शेवटच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. ऐंशीच्या असाव्यात, हातात मातीचे मोजे. त्यांना वाटलं मी भिंतीतली ओल बघायला आलेला सरकारी माणूस आहे, आणि त्या म्हणाल्या की बरं झालं, चार वर्षांनी का होईना आलात. मी माझ्या इंग्रजीत खरं काय ते सांगितलं. पुण्यात एका इमारतीच्या गच्चीवर तुमचं गाव आहे आणि त्यात तुमची ओळ पुरी होत नाही. साडेत्र्याहत्तर आणि सत्तर. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग मोजे काढले, खिशात घातले आणि फितीचं दुसरं टोक मागून घेतलं.

बाहेरून वाचन एकोणसत्तर फूट साडेअकरा इंच. दुसऱ्यांदाही तेच. अर्धा इंच मिळवला, सत्तर. म्हणजे पाद्र्याचा एकूण आकडा बरोबर होता. त्यांच्या दाराच्या चौकटीत भिंत दीड फूट निघाली. म्हणजे माझं उत्तर चुकलं. मला थोडं वाईट वाटलं, लपवत नाही. आता राहिले सेक्रेटरी. आतली रुंदी मोजायची परवानगी मी मागितली तेव्हा बाईंनी दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. आत शिरताच मी थांबलो. मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं. सात फूट. दुसऱ्यांदाही सात फूट.

मग त्यांनी मला शेजारच्या खोलीत नेलं. तिथल्या बाईंची हरकत नव्हती. दहा फूट सहा इंच.

पाचही खोल्या पाद्र्याने लिहिल्याप्रमाणेच होत्या. सहावीच तेवढी साडेतीन फुटांनी अरुंद. बाईंनी सांगितलं की गावात सगळे तिला आखूड खोली म्हणतात. कोंडवाडा ओळीच्या आधीचा. जनावरांची जागा कमी करायला गाव तयार होईना, म्हणून सहाव्या विधवेची केली, असं तिथे सांगतात. खरंखोटं त्यांना माहीत नाही. पलंग कापून घ्यावा लागला. "मासिक आकार मात्र सगळ्यांना सारखाच," असं त्या म्हणाल्या, आणि तेव्हा त्या मला आमच्या सोसायटीतल्याच वाटल्या. चहा दिला. खोलीत दोन खुर्च्या मावत नव्हत्या, म्हणून आम्ही तो दारात उभ्याने घेतला. सगळं मिळून पाऊण तास लागला असेल.

परत आल्यावर बॅगाही न उघडता मी काकांच्या घरी गेलो. काकांना आधी गावातल्या बाकीच्या गोष्टी सांगू लागलो. सायकली, मोटार, बंद गुत्ता. त्यांनी हातानेच थांबवलं. ते चित्रात नव्हतं. कोठाराचं लग्नासाठी भाडं ऐकून काकू तेवढ्या म्हणाल्या, "म्हणजे मंगल कार्यालय झालं की." मग मी वही उघडून आकडे वाचले. सहावी खोली आतून सात फूट, हे काकांनी ऐकलं. मग उठले, साबणाने हात धुतले, पुसले, आणि पुस्तक काढून अकरावं चित्र उघडलं.

"एक खोली मोजली आणि सहा लिहिल्या," ते म्हणाले. "बाकीच्या अशाच. मीही तेच केलं असतं. चौतीस वर्षं तेच केलं."

त्यांनी मला पेन दिलं. माझ्याकडून टिपेखाली दुरुस्ती लिहून घेतली: सहावी खोली सात फूट, जागेवर मोजून, दोन वाचनं. खाली तारीख आणि सही. मी म्हटलं, मी कोण सही करणार, मी साधा कॉस्टिंगचा माणूस. ते म्हणाले, मोजलं त्याने सही करायची. शंभर वर्षांच्या पुस्तकावर माझी सही आहे.

खोली लगेच झाली असं नाही. पाऊस होता, काकांच्या बोटांना कंप सुटलेला होता, आणि मदतीला कुणी हात लावलेला त्यांना चालत नव्हता. वर प्लास्टिक ताणून ते रोज सकाळी दोन तास बसत. साडेतीन इंच रुंदीची खोली बांधायला त्यांना पाच आठवडे लागले. गणपती येऊन गेले तेव्हा छप्पर बसलं. इमारतीतली माणसं एकेक करून वर येऊन बघून जात होती. माझी बायकोसुद्धा, एक जिना चढायचा म्हणून, आली. सेक्रेटरींनी शेवटच्या भिंतीत आणि कोंडवाड्यात किती जागा उरली ते वाकून पाहिलं. केसभरही उरली नव्हती आणि आत शिरलीही नव्हती. ते एवढंच म्हणाले, "बसली." दोरा काकूंनी नेला आणि त्याने लोणच्याच्या बरणीचं फडकं बांधलं.

आता सही होईल असं आम्ही धरून चाललो होतो. पण काका बिल्डरचे नकाशे घेऊन बसले. त्यात एकाच मजल्याचा नकाशा होता आणि खाली लिहिलं होतं, की बाकीचे मजले याप्रमाणेच. काकांनी त्यावर बोट ठेवलं. आमच्या वाट्याच्या चारही मजल्यांचे वेगवेगळे नकाशे द्या. बिल्डरच्या माणसाने अहो काका, तेच आहेत हो, असं तीनदा सांगितलं. तीनदा काका म्हणाले, "मग काढायला काय हरकत आहे?" नकाशे यायला सोळा दिवस गेले. सोळा दिवस अकरा बिऱ्हाडं श्वास रोखून होती. काकांनी प्रत्येक भिंतीची बेरीज केली, मी शेजारी बसून पडताळली. चारही मजले तंतोतंत सारखे निघाले. एका इंचाचाही फरक नव्हता. काकांचा थोडा हिरमोड झाला असं मला वाटलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी सही केली.

खेडं दिवाळीनंतर पाडलं; गच्ची रिकामी करून द्यायची बिल्डरची अट होती. कंत्राटदाराची दोन माणसं घण घेऊन आली, तेव्हा काकांनी त्यांना क्रम सांगितला: बांधलं त्याच्या उलट. म्हणजे सहावी खोली आधी, चर्च सगळ्यात शेवटी. माणसांना घाई होती, पण त्यांनी तसं केलं. काका खुर्ची टाकून बसले होते. शेवटपर्यंत उठले नाहीत. दुपारी कोठाराची पाळी आली तेव्हा काकू आल्या आणि सांडग्यांचं ताट खाली घेऊन गेल्या. भरीव मनोऱ्याला चार तास लागले, आणि कंत्राटदार मला म्हणाला की म्हाताऱ्याने खरं सांगितलं म्हणून वाचलो. त्याचे साडेअठरा हजार त्याच संध्याकाळी दिले, पावती घेतली.

आठवड्याने काका-काकू हडपसरला मुलाजवळ भाड्याच्या घरात गेले. जाण्याआधी काका एक पाकीट घेऊन माझ्याकडे आले. मोजणीचं देणं राहिलंय, म्हणाले. मला वाटलं मला द्यायला आले आहेत, आणि मी नको नको म्हणू लागलो.

"तुम्हाला नाही," ते म्हणाले. "तुमची सही आहे. सही करणाऱ्याला जबाबदारी असते, रोजी नसते. फीत धरणाऱ्याला रोजी असते."

मी सांगितलं, बाईंनी पाऊणच तास धरली होती. काकांनी सांगितलं की फीत धरणाऱ्याची रोजी अर्ध्या दिवसाच्या खाली धरत नाहीत, कारखान्यात नव्हती आणि बाहेरही नाही. मग दर कुठला, आपला की तिकडचा? काम तिकडे झालं, दर तिकडचा. मी मुलीला फोन करून तिकडे साध्या मदतनिसाला अर्ध्या दिवसाचं काय मिळतं ते विचारलं. तिने सांगितलेला आकडा काकांनी दोनदा लिहून घेतला, बँकेचा त्या दिवशीचा भाव लावला आणि रुपये मोजून माझ्या हातात दिले. त्यांच्या पेन्शनच्या मानाने ते थोडे नव्हते. काकू दारात उभ्या होत्या. मला वाटलं, त्या काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "पोचले की सांगा."

मुलगी एका शनिवारी तेवढे पौंड पाकिटात घालून रेल्वेने आणि बसने गेली. बाईंनी आधी पाकिटाकडे आणि मग मुलीकडे पाहिलं, आणि हे कशाबद्दल, असं विचारलं. मुलीने सांगितलं. त्यांनी पैसे मोजून घेतले आणि मागच्या बाजूला मुलीने लिहिलेल्या पावतीखाली सही करून पाकीट परत दिलं. अठ्ठेचाळीस पौंड, सहाव्या खोलीत राहणाऱ्या बाईंना, फितीचं दुसरं टोक धरल्याबद्दल.